चार बावीस ते पाच पाच : राजगड-तोरणा धारेवर चुकलेली वाट

रविवारी दुपारी जीपीएस घड्याळातली नोंद लॅपटॉपवर उघडली. नकाशावर दोन रेघा आल्या. निळी म्हणजे जायची होती ती वाट, लाल म्हणजे आम्ही प्रत्यक्ष गेलो ती. राजगडाच्या आळू दरवाजापासून खिंडीतल्या डांबरी रस्त्यापर्यंत दोन्ही जवळपास एकमेकींना चिकटून आहेत. खिंडीनंतरच्या चढावर, दुपारी ४ वाजून २२ मिनिटांनी, निळी उजवीकडे वर चढते आणि लाल डावीकडे आडवी जाते, मग हळूच खाली उतरते. तिथून २.३ किलोमीटरवर एका ओढ्यात लाल रेघेचा गुंता झालाय, रिळातून सुटलेल्या दोऱ्याचा होतो तसा. तो गुंता म्हणजे आम्ही दोघं, दिवस मावळताना.

आम्हाला कोणी उचलून आणावं लागलं नाही, हाड मोडलं नाही, पेपरात काही आलं नाही. म्हणूनच लिहायला बसलो. मोठा अपघात झाला की त्याची चिरफाड करायला दहा जण असतात. थोडक्यात निभावलं की त्याचा किस्सा होतो, आणि किश्शात आपण नेहमी जरा शहाणे निघतो.

सोबत होता मास्तर. शाळेत भूगोल शिकवतो म्हणून आमच्या गटात सगळे त्याला मास्तर म्हणतात. आमची डोंगरातली ओळख वीस वर्षांची, पळायला लागलो त्याला सहा वर्षं झाली. जानेवारीतला पहिला शनिवार ठरला होता. गुंजवण्यातून चोर दरवाजाने राजगड, संजीवनी माचीवरून आळू दरवाजाने खाली, मग धार धरून तोरणा आणि वेल्ह्यात उतरायचं. घड्याळात टाकलेल्या फाइलप्रमाणे २३ किलोमीटर. वेल्ह्यातून कोणाच्या तरी गाडीने गुंजवण्याला परत, कारण आमची गाडी तिथे.

ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. राजगड आणि तोरणा यांना एक लांब डोंगरधार जोडते. तिच्या उत्तरेला कानद खोरं, वेल्हे तिकडे. दक्षिणेला वेळवंडीचं खोरं, त्यात भाटघर धरणाचं पाणी दूरवर पसरलेलं दिसतं. राजगडावरून तोरण्याकडे निघालं की दिशा साधारण पश्चिमेची, किंचित उत्तरेकडे कललेली. पाणी कायम डाव्या हाताला. दुपारचं ऊनही डाव्या गालावर, कारण जानेवारीत सूर्य दक्षिणेकडून मावळतीला जातो. ही दोन वाक्यं शाळकरी पोरालाही पाठ व्हावीत. मास्तर ती फळ्यावर खडूने काढून दाखवतो.

निघायचं होतं सकाळी साडेसहाला. मास्तरच्या शाळेत ऐन वेळी पालकसभा लागली आणि आम्ही गुंजवणं सोडलं तेव्हा १२ वाजून ३५ मिनिटं झाली होती. सहा तास उशीर, आणि बेत मात्र तोच. गाडीत एकदा विषय निघाला होता. मी म्हणालो, "नुसता राजगड करून परत येऊ या का?" तो म्हणाला, "अरे, पळतच जायचंय ना, चालत थोडंच?" यावर मी हसलो, आणि त्या हसण्याचा अर्थ होकार असा धरला गेला. हिशेब नंतर मांडला. आळू दरवाजातून बाहेर पडलो तेव्हा २ वाजून ४० मिनिटं. त्या धारेवर थांबत-धापा टाकत आमचा वेग तासाला चार किलोमीटरच्या वर जात नाही. म्हणजे वाट अजिबात चुकली नसती तरी तोरण्याच्या बुधला माचीपाशी पोहोचेपर्यंत सहा वाजत आले असते, आणि तोरण्याची उतरण अंधारात करावी लागली असती. दोघांत डोक्याची बॅटरी एक. मास्तरची बॅटरी गाडीच्या डिकीत, "उजेडातच संपतंय" म्हणून ठेवलेली. तेव्हा चार बावीसला जे झालं त्यावर सगळं खापर फोडणं सोपं आहे, पण खरं नाही. पद्मावती माचीवर पिठलं-भाकरी खात बसलो त्या पंचवीस मिनिटांत आम्ही हा हिशेब करू शकलो असतो. आम्ही ठेच्याला दाद देत होतो.

आता ते घड्याळ. वाटेवरून भरकटलात की ते मनगटावर थरथरतं आणि पडद्यावर 'मार्गापासून दूर' असं येतं. मग त्या दिवशी ते गप्प होतं का? उलट, दिवसभर थरथरत होतं. फाइल कोणीतरी घरी बसून नकाशावर बोटाने बिंदू टाकत बनवलेली. २३ किलोमीटरला ११८ बिंदू, म्हणजे सुमारे दोनशे मीटरला एक. दोन बिंदूंच्या मध्ये सरळ रेघ. सह्याद्रीत दोनशे मीटर सरळ जाणारी वाट कुठून आणायची? वाट वळसा घेते आणि रेघ दरीवरून हवेतून जाते, त्यामुळे बरोबर वाटेवर असतानाही घड्याळ ओरडत राहतं. नोंदीत मोजलं: चार बावीसच्या आधी ते १७ वेळा ओरडलं होतं आणि १७ही वेळा आमचंच बरोबर होतं. अठराव्यांदा थरथरलं तेव्हा मी खालीसुद्धा न बघता बटण दाबून गप्प केलं. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण पोरांना खोटं बोलू नये म्हणून सांगतो. गावकऱ्यांच्या बाजूने ती कोणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. त्या धारेवरून मी आधी एकदा पळालो होतो, सिंहगड-राजगड-तोरणा शर्यतीत. त्यामुळे 'वाट माहीत आहे' असं मी मास्तरला सांगितलं होतं आणि मनापासून मला तसं वाटतही होतं. पण शर्यतीत झाडांना खुणेच्या फिती बांधलेल्या असतात, मोक्याच्या जागी स्वयंसेवक उभे असतात. तिथे माणूस वाट शोधत नाही, फिती शोधतो. ती वाट माझ्या पायांखालून गेली होती. डोक्यात मात्र तिच्यातलं काहीच उतरलं नव्हतं.

खिंडीत रस्ता ओलांडला तेव्हा एक म्हातारबाबा गुरं घेऊन बसले होते. आम्ही नमस्कार घातला. "तोरण्याला का? वरल्या अंगानं जावा. खालची गुरांची हाय," असं म्हणाले. आम्ही "हो, हो" म्हणत पळतच पुढे गेलो. त्यांनी सांगितलं ते नेमकं होतं. पण फाट्यावर उभं राहिलं की दोन्ही वाटा एकाच उंचीवर दिसतात, वरची कोणती आणि खालची कोणती हे शंभर पावलं पुढे गेल्यावर कळतं. त्यांच्या डोक्यात तो अख्खा डोंगर होता, आमच्या डोळ्यांसमोर पुढची तीन मीटर जमीन.

आणि हिवाळा. पावसाळ्यात आपण बिचकून असतो. हिवाळा म्हणजे डोंगराचा 'सीझन', आभाळ स्वच्छ, ओढे कोरडे, काय होणार? गवत वाळून पिवळं झालेलं आणि वाऱ्याने वाटेवर आडवं पडलेलं असतं. काही ठिकाणी वणव्याने काळे पट्टे पडलेले असतात, त्यांत वाट पुसून जाते. मुरुमाच्या उतारावर सुकं गवत म्हणजे तेलाचं बोट लावलेली फरशी. अशा जागी ठळक दिसते ती रोज खुरांनी तुडवलेली ढोरवाट. माणसांची वाट तिच्यापुढे अंगचोर वाटते. आम्ही ठळक वाटेने गेलो. ती सपाट होती, पळता येत होतं, बऱ्याच वेळाने पाय मोकळे झाले होते. खरं सांगतो, त्या दिवसातलं सगळ्यात सुंदर पळणं त्या चुकीच्या वाटेवर झालं.

मास्तर पुढे, मी वीसेक पावलं मागे. दहा-बारा मिनिटांत उन्हाची बाजू बदलली. डाव्या गालावर होतं ते आधी समोरून आलं, मग उजव्या गालावर. मला ते जाणवलं. 'वाट वळसा घेत असेल' असं मनाशी म्हणालो. पुढे वाट एका सोंडेवर आली आणि उतरायला लागली. आम्हाला तोरण्यावर चढायचं होतं. तेही जाणवलं. मी काही बोललो नाही, कारण पुढे भूगोलाचा मास्तर होता आणि तो निर्धास्त पळत होता.

५ वाजून ५ मिनिटांनी ढोरवाट कारवीत विरून गेली आणि मास्तर थांबला. मागे न वळता म्हणाला, "चुकलोय रे." मी म्हणालो, "हो." त्रेचाळीस मिनिटांत आमच्यात झालेलं हे पहिलं कामाचं बोलणं.

खरी घोडचूक त्यानंतरची. तिथून मागे फिरायला हवं होतं. पण मागे म्हणजे चढ, आणि उतरून आलेला डोंगर पुन्हा चढायचा म्हटलं की माणसाची बुद्धी वकिली करायला लागते. खाली, फार लांब नाही असं वाटावं इतक्यावर, शेताचे तुकडे आणि एक कौलारू घर दिसत होतं. शेजारीच कोरडा ओढा. "ओढ्याने उतरलं की गाव लागतंच," मी म्हणालो. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि सह्याद्रीत याच्याइतकं घातक दुसरं वाक्य नसेल.

का, तर हा डोंगर थरांचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे प्रवाह एकावर एक पसरले आणि आडवे थिजले. कठीण थराचा उभा कडा झाला, मऊ थर झिजून त्याचा पदर, म्हणजे सपाटसा टप्पा, झाला. कडा, पदर, कडा, पदर. वरून पाहिलं की आपल्याला फक्त पदर दिसतात, मधले कडे उताराआड लपलेले असतात. पाऊलवाट त्या कड्यांमधली नेमकी फट हेरून उतरते, पिढ्यान्‌पिढ्यांनी ती शोधलेली असते. पाण्याला फटीची गरज नाही. ते सरळ उडी मारतं. म्हणून पावसाळ्यात जिथे धबधबा असतो तिथे जानेवारीत ओढ्याने उतरणारा माणूस कोरड्या कड्याच्या ओठावर येऊन उभा राहतो. हे मास्तरला पुस्तकातून माहीत होतं, मला शंभर भटकंत्यांतून. तरी आम्ही उतरलो.

५ वाजून ५० मिनिटांनी ओढा संपला. पुढे गुळगुळीत काळा कातळ आणि खाली पंचवीस-तीस फूट पोकळी. मी पोटावर पडून डोकावलो. मधे एक उंबराचं झाड कातळाला धरून उभं होतं, आणि माझ्या मनात आलं की त्याला धरून उतरता येईल. हा विचार किती वेळ टिकला ते सांगता येत नाही, पण तो आला होता याची नोंद करायला हवी. तेवढ्यात मागे दगड घरंगळल्याचा आवाज झाला. मास्तर घसरून बसला होता, उजवा घोटा हातात धरून. मुरगळला होता. पाय टेकवता येत होता, पळणं संपलं होतं. त्या घोट्याने आम्हाला वाचवलं असं मी मानतो. तो धडधाकट असता तर आम्ही उंबर धरला असता.

सोंडेवर अजून सोनेरी ऊन होतं, ओढ्यात मात्र केव्हाच सावली दाटलेली. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश फार रेंगाळत नाही. सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत चेहरेसुद्धा दिसेनासे होतात. आम्ही एका मोठ्या दगडाआड बसलो. घामाने भिजलेला टी-शर्ट दहा मिनिटांत पाठीला बर्फासारखा लागला. दुपारी तीस अंशांत पळालेलं शरीर थांबलं की भट्टी विझते आणि ओला कपडा उरलीसुरली ऊब ओढून घेतो. पाठपिशव्या उपसल्या: एक बॅटरी, एक विंडचीटर, शेंगदाण्याच्या तीन चिक्क्या, दोघांत मिळून अर्धा लिटरही नसलेलं पाणी. माझा फोन ९ टक्के, त्याचा बंद. रेंज नाही. ओले टी-शर्ट काढले, मास्तरला विंडचीटर दिलं, मी पिशवी रिकामी करून छातीला बांधली. दिसायला विनोदी, पण वारा अडला.

चिक्की खाताना मास्तरने विचारलं, "तुला कधी कळलं?"

"ऊन उजवीकडे आलं तेव्हा. साडेचारच्या सुमारास."

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मला त्याच्याही आधी. भाटघरचं पाणी डावीकडे होतं ते समोर आलं. म्हटलं, हे समोर कसं? पण तू ही वाट पळालेला आहेस. मागून काही बोलला नाहीस, तेव्हा वाटलं, असेल."

म्हणजे मी त्याच्या भूगोलावर निर्धास्त होतो आणि तो माझ्या अनुभवावर. पुढच्याने मागच्याच्या गप्प बसण्याला संमती समजलं, मागच्याने पुढच्याच्या पळण्याला खात्री. एकटा असतो तर दोघांपैकी कोणीही पाच मिनिटांत थांबला असता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. इयन मॅकॅमन या अमेरिकी अभ्यासकाने १९७२ ते २००३ या काळातले त्यांच्याकडचे ७१५ हिमस्खलन अपघात तपासले होते. त्याने सांगितलेल्या मनाच्या सापळ्यांत ओळखीचा प्रदेश आहे, ठरलेल्या बेताला चिकटून राहणं आहे आणि गटातल्या 'जाणकारा'भोवतीचं वलयही आहे. आमच्याकडे बर्फ पडत नाही, पण हे तिन्ही सापळे राजगडाच्या पायथ्यापासून आमच्यासोबत होते. वलयं तर दोन होती, एकेकाच्या डोक्यामागे एक.

साडेसहाला परत वर निघालो. ओढ्याने नाही, शेजारच्या उतारावरून, कारवीच्या बुडख्यांना धरत. पुढे मी बॅटरी घेऊन दहा पावलं चढायचो, मग वळून मास्तरच्या पायांवर उजेड धरायचा, तो वर आला की पुन्हा दहा पावलं. उतरायला ४५ मिनिटं लागली होती, चढायला ७० लागली. ढोरवाट सापडली तेव्हा पावणेआठ होत आले होते. सोंडेच्या माथ्यावर रेंज आली आणि मी वहिनींना फोन लावला.

हा भाग सांगताना मला अजून लाज वाटते. आम्ही घरी "राजगडला जातोय, सातपर्यंत फोन करतो" एवढंच सांगितलं होतं. तोरण्याचं नावच घेतलं नव्हतं. सातला फोन आला नाही म्हणून वहिनींनी साडेसातला गुंजवण्यात जिथे गाडी लावली होती त्या घरी विचारलं. गाडी तिथेच उभी. साहजिकच सगळ्यांनी धरलं की आम्ही राजगडावर अडकलो. त्या घरातली दोन पोरं बॅटऱ्या घेऊन चोर दरवाजाच्या वाटेला लागलीसुद्धा. आम्ही त्यांच्यापासून एक अख्खा गड आणि अर्धी धार पलीकडे होतो. मास्तरचा घोटा मोडला असता आणि वहिनींनी ११२ फिरवला असता, तरी शोध चुकीच्या डोंगरावर सुरू झाला असता. माझा फोन ६ टक्क्यांवर होता. "पोरांना परत बोलवा, आम्ही खिंडीत उतरतोय," एवढं बोलून ठेवला. वहिनी फक्त "बरं" म्हणाल्या. ते "बरं" मास्तरला घरी गेल्यावर सविस्तर ऐकावं लागलं.

८ वाजून ५० मिनिटांनी पायाखाली डांबर लागलं. रस्त्याने पहिल्या वस्तीपर्यंत लंगडत गेलो, तिथे एका घरी चहा मिळाला आणि त्यांच्या मुलाने दुचाकीवरून एकेकाला सोडलं. गुंजवण्यात ती दोन पोरं जागी होती. एक जण म्हणाला, "सर, निदान कुठं जाणार ते तरी सांगून जायचं." बारावीतला असेल. त्याला उत्तर देता आलं नाही.

काही गोष्टी बदलल्यात. घरी आता कागदावर मार्ग, उतरायचं गाव आणि मागे फिरायची वेळ लिहून ठेवतो, वहिनी त्यावर आमच्या सह्या घेतात. पळताना मागच्याने दर दहा मिनिटांनी ऊन कुठे, पाणी कुठे ते मोठ्याने सांगायचं असं ठरलंय. हे फार वैतागाचं आहे आणि लय पार बिघडवतं. घड्याळात टाकायची वाटेची (जीपीएक्स) फाइल कोणाची, तिच्यात बिंदू किती, हे घरीच बघतो.

फेब्रुवारीत, मास्तरचा घोटा बरा झाल्यावर, खिंडीतून चालत त्या फाट्यावर गेलो. योग्य वाट एका दोन फुटी कातळाच्या पायरीवरून वर चढते. पायरीशेजारी लहान दगडांची रास आहे, आणि कारवीच्या एका काटकीला विटलेल्या फितीचा तुकडाही होता. चालत आलं की मान वर असते आणि हे सगळं दिसतं. पळताना नजर पुढच्या दोन-तीन मीटरवर खिळलेली, तिथे पायरी म्हणजे नुसती काळी सावली. मी मास्तरला म्हटलं, आता पन्नास पावलं मागे जा आणि त्या दिवशीसारखा पळत ये, मी इथे उभा राहतो. तो गेला आणि पळत आला. काय चाललंय ते त्याला पूर्ण ठाऊक होतं, मी समोर उभा होतो, तरी त्याचे पाय डावीकडेच वळले.